बिनशब्दांच्या चौकटी: काय हलवायचं, काय जागच्या जागी ठेवायचं

जेवण वाढून तयार आहे, पण मुलाचा पत्ता नाही. बाप त्याला बोलवायला जातो. मुलगा जमिनीवर पालथा पडून पुस्तकात बुडालेला. बाप त्याला उठवतो, मुलगा निमूटपणे टेबलाशी येऊन बसतो. आता बापाचा पत्ता नाही. मुलगा बघायला जातो, तर तिथेच, जमिनीवर, तसाच पालथा पडून बाप तेच पुस्तक वाचतोय.

एरिश ओझर या जर्मन चित्रकाराची ही चित्रमालिका. ‘फाटर उंड झोन’, म्हणजे ‘बाप आणि मुलगा’, या नावाने त्याच्या मालिका ‘बर्लिनर इलुस्ट्रिर्टे’ या साप्ताहिकात डिसेंबर १९३४ ते डिसेंबर १९३७ अशी तीन वर्षं आल्या. वर एक छोटं शीर्षक असायचं, चौकटींत संवाद नाहीत. गोल पोटाचा, टकला, झुपकेदार मिशांचा बाप आणि विस्कटलेल्या केसांचा पोरगा. त्यांना नावंही नाहीत. परकी भाषा म्हणून जर्मन शिकवणाऱ्या वर्गांत आजही ही चित्रं समोर ठेवून मुलांना गोष्ट सांगायला लावतात. चित्रात कुठल्याच भाषेचा शब्द नसल्यामुळे शिकणाऱ्याला आपल्याला येतील तेवढे शब्द वापरता येतात.

पुस्तकाच्या त्या मालिकेत शेवटी बाप खुर्चीत बसून वाचताना दाखवला असता तर? घटना तीच राहिली असती, अर्थही कळला असता, पण हसू आलं नसतं. हसू येतं ते बाप *तसाच* पडलाय म्हणून. मुलाची पडण्याची तऱ्हा आपल्या डोळ्यांत अजून ताजी असते, तिच्यावर बापाची तऱ्हा नेमकी बसते आणि त्याच क्षणी कळतं की मोठा माणूसही आतून तेवढाच आहे.

शब्द नसले की वाचकाकडे एकच हत्यार उरतं, ते म्हणजे तुलना. आधीच्या चौकटीत काय होतं, या चौकटीत काय आहे, फरक कुठे पडला. ही तुलना सोपी व्हायची असेल तर बाकी सगळं जागच्या जागी राहायला हवं. चांगला चित्रकार एक गोष्ट हलवण्यासाठी नऊ गोष्टी घट्ट धरून ठेवतो. नवशिक्याच्या हातून नेमकं इथेच चुकतं: प्रत्येक चौकट वेगळ्या कोनातून, वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या पार्श्वभूमीवर काढायचा मोह होतो. ‘तेच तेच काय काढायचं?’ असं वाटतं. पण मागची खिडकी दुसऱ्या चौकटीत डावीकडून उजवीकडे सरकली की वाचक खिडकीचा विचार करत बसतो आणि गोष्ट हातातून निसटते.

ओझरची स्वतःची कहाणी मात्र अजिबात हसरी नाही. तो मूळचा कुलूप-लोहारकाम शिकलेला, मग लाइपझिगच्या कला अकादमीत गेलेला. नाझी सत्तेवर येण्याआधी ‘फोरवेर्ट्स’ या समाजवादी पत्रात त्याने हिटलर आणि गोबेल्सची व्यंगचित्रं काढली होती. त्याची शिक्षा म्हणून १९३४ मध्ये त्याला व्यंगचित्रकार म्हणून काम करायलाच मनाई झाली. राजकारण सोडून काढायचं या अटीवर टोपणनाव मिळालं: ई. ओ. प्लाउएन. आद्याक्षरं स्वतःची आणि पुढे लहानपणीच्या गावाचं नाव. १९४० पासून त्याने सरकारी साप्ताहिकासाठीही व्यंगचित्रं काढली, हेही नोंदवायला हवं. १९४४ च्या मार्चमध्ये खासगीत केलेल्या राजवटविरोधी बोलण्याची तक्रार कुणीतरी केली, त्याला पकडलं आणि एप्रिलमध्ये खटला उभा राहण्याआधीच त्याने कोठडीत जीव दिला. त्याच्याबरोबर पकडलेला मित्र एरिश क्नाउफ याला मे महिन्यात मारण्यात आलं. बापलेकांच्या शेवटच्या मालिकेत ते दोघं चालत चालत आभाळात चढतात. बापाचा चंद्र होतो, पोराचा तारा. हे आज पाहताना गळ्याशी येतं, पण तो शेवट १९३७ चा आहे. पुढचं काही त्यात शोधू नये.

आता कारागिरीकडे.

पहिली अट ओळखीची. शब्द नसले की ‘अरे गण्या’ अशी हाक मारून पात्राची ओळख करून देता येत नाही. पात्र बाह्यरेषेवरूनच ओळखू यायला हवं. यासाठी चाचणी सोपी आहे: कच्च्या चित्रातली सगळी पात्रं काळ्या शाईने आतून पूर्ण भरून टाका. डोळे, नाक, कपड्यांचे काठ सगळं गेलं. आता कोण कोण ते सांगता येतं का? बापलेक या परीक्षेत सहज पास होतात: एक मोठा गोळा, एक छोटा झुपका. ‘मॅड’ या अमेरिकी विनोदी मासिकातली ‘स्पाय व्हर्सेस स्पाय’ ही मालिका तर याच्या पुढची आहे. क्युबातून अमेरिकेत आलेल्या अंतोनियो प्रोहियासने १९६१ मध्ये ती सुरू केली. त्यातले दोन हेर आकाराने अगदी एकसारखे, तीच टोकदार तोंडं, त्याच टोप्या. फरक एवढाच की एक पूर्ण पांढरा, दुसरा पूर्ण काळा. चौकटीत कितीही बॉम्ब, सापळे आणि यंत्रं भरली तरी कुणी कुणाला फसवलं याचा घोळ होत नाही. दोघं सारखे असल्यामुळे आपण कुणाची बाजूही घेत नाही. प्रोहियास आपली सही त्यात मोर्स संकेतात करायचा. शब्द टाळायचे तर असे.

आपल्याकडे या विद्येचं नाव काढलं की शि. द. फडणीस. त्यांची बहुतेक हास्यचित्रं एकाच चौकटीची, म्हणून ‘मालिका’ या शब्दात ती बसत नाहीत, पण तुलनेचं तत्त्व तेच. १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचं त्यांचं मुखपृष्ठ घ्या. तरुणाच्या शर्टावर मांजरांची नक्षी, तरुणीच्या साडीवर उंदरांची. खाली ओळ नाही. तुलना इथे दोन चौकटींमध्ये होत नाही, दोन कापडांमध्ये होते. आधी आपल्याला दोन माणसं दिसतात, मग नक्षी दिसते, मग परत माणसं दिसतात आणि आता ती वेगळी दिसतात. एकाच चित्रात नजरेला तीन फेऱ्या मारायला लावल्या म्हणजे ती तीन चौकटींची मालिकाच झाली, फक्त चौकटी एकमेकींवर ठेवलेल्या. ‘मोहिनी’चे संपादक अनंत अंतरकर यांनी असं निःशब्द चित्र दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापलं, ही त्या काळी मोठीच हिंमत होती. मराठी वाचकाला चित्र *वाचायची* सवय लागली त्यात अशा मुखपृष्ठांचा वाटा फार मोठा आहे.

आणि सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, याच्या बरोबर उलट परंपरा आहे. ठाकर समाजातले चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगतात. दोन चित्रांमधली मोकळी जागा तिथे गाणं भरून काढतं. छापलेल्या निःशब्द मालिकेत ती जागा भरून काढायला वाचकाशिवाय कुणी नसतं.

या मोकळ्या जागेला, म्हणजे दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला, इथे ‘फट’ म्हणू. फटीत जे घडतं ते वाचक स्वतः घडवतो. मुलगा उठून टेबलाशी येतो तेव्हा बापाने ते पुस्तक उचललं, चाळलं, एक पान वाचलं, मग खाली बसला, मग पालथा झाला, हे ओझरने काढलेलंच नाही. ते आपण भरलं. चित्रकाराने तेही काढलं असतं तर शेवटची चौकट फुकट गेली असती. म्हणून कच्ची मालिका झाली की एकेक चौकट अंगठ्याने झाकून बघावी. झाकूनही गोष्ट कळत असेल तर ती चौकट काढून टाकावी. अपवाद एकच: ती चौकट थांबण्यासाठी असेल तर.

थांबणं ही निःशब्द मालिकेतली खरी अडचण. संवाद असले की वाचक ते वाचेपर्यंत चौकटीत अडकून राहतो, वेळ आपोआप जातो. शब्द काढले की नजर भराभर धावते आणि सहा चौकटी पाच सेकंदांत संपतात. वेग कमी करायचा असेल तर दोन उपाय आहेत. एक, चौकटीत बघण्यासारखं जास्त भरायचं. दुसरा, काहीच न घडणारी चौकट घालायची: तीच जागा, तीच पात्रं, फक्त मान वळलेली किंवा पापणी मिटलेली. दुसरा उपाय जास्त परिणामकारक, पण एका मालिकेत एकदाच. दोनदा वापरला की वाचकाला वाटतं चुकून तेच चित्र दोनदा छापलंय.

पुस्तकभर लांबीच्या निःशब्द गोष्टींत फटीचं काम पान उलटणं करतं. बेल्जियमच्या फ्रान्स मासेरेलने १९१९ मध्ये १६७ लाकूडठशांची एक सबंध कादंबरी केली, दर पानावर एकच चित्र. अमेरिकेत लिंड वॉर्डची १३९ ठशांची कादंबरी १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये आली, नेमकी शेअर बाजार कोसळला त्याच आठवड्यात. या पुस्तकांत आधीचं चित्र समोर राहत नाही, डोक्यात ठेवावं लागतं. म्हणून दोघांचीही चित्रं ठळक काळ्या-पांढऱ्याची आहेत, नाजूक फरकांवर त्यांची भिस्त नाही.

वेळ आणि जागा शब्दांशिवाय कशी सांगायची? ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ अशी पट्टी लिहिता येत नाही. घड्याळ काढणं हा आळशी उपाय: फोनवर काटे दिसत नाहीत, आणि दिसले तरी सहा सकाळचे की संध्याकाळचे? त्यापेक्षा आपल्या रोजच्या वस्तू कामाला येतात. दाराच्या कडीला लटकलेली दुधाची पिशवी म्हणजे पहाट. गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेल्या साड्या म्हणजे दुपार. खिडकीत गुढी म्हणजे चैत्राचा पहिला दिवस, आकाशकंदील म्हणजे दिवाळी. दाराबाहेर चपलांचा ढीग असेल तर घरात पाहुणे, किंवा पूजा, किंवा काही वाईट. तीनपैकी कोणतं हे ढिगाच्या शेजारी काय ठेवलंय त्यावर ठरतं: रांगोळी असेल तर पूजा. अर्थात हे संकेत ज्याच्या अंगवळणी आहेत त्यालाच कळतात. दुबईत किंवा न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलाला आकाशकंदील कळेल, कडीला लटकलेली पिशवी कळेलच असं नाही. अशा वेळी सावली वापरावी. सकाळी लांब आणि एका बाजूला, दुपारी पायाशी, संध्याकाळी लांब आणि दुसऱ्या बाजूला. फक्त सगळ्या चौकटींत सूर्य कुठून येतो हे आधी ठरवून कागदाच्या कडेला बाण काढून ठेवा, नाहीतर तिसऱ्या चौकटीत सावली हमखास उलटी पडते.

दुकानाच्या पाट्या, वर्तमानपत्राचे मथळे, टी-शर्टवरचे शब्द: हे टाळलेलंच बरं. पाटीवर ‘बंद’ लिहिण्यापेक्षा अर्धं ओढलेलं शटर बोलकं. शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने २००६ च्या ‘द अरायव्हल’मध्ये यावर सुरेख तोड काढली. परक्या देशात आलेल्या माणसाची ती गोष्ट. तिथल्या शहरभर पाट्या आहेत, पण लिपी पूर्ण काल्पनिक. त्या माणसाला वाचता येत नाही, आपल्यालाही येत नाही. आपण त्याच्याइतकेच बावरतो. डोक्यावर पेटलेला दिवा, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह हीसुद्धा शब्दांचीच पिल्लं आहेत. घामाचे थेंब आणि वेगाच्या रेषा चालतात, पण एका चौकटीत एकच. खांदे कुठे आहेत, वजन कोणत्या पायावर आहे, यावरून जे सांगता येतं ते आधी सांगून बघावं.

आता प्रत्यक्ष एक सहा चौकटींची मालिका करायला घेऊ. गोष्ट अशी. जुन्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर एक आजी. खाली हातगाडीवाला भाजीवाला. आजी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते.

चौकट १: टोपली अर्ध्यात आलीय, आत नोट. भाजीवाला वर बघतोय. आभाळात एक ढग.
चौकट २: भाजीवाला टोपलीत मेथीची जुडी ठेवतोय. दोन-चार थेंब.
चौकट ३: टोपली वर गेली. पाऊस कोसळतोय. भाजीवाल्याने भाजीवर प्लास्टिक ओढलंय, स्वतः निथळतोय.
चौकट ४: जवळून फक्त आजी. एका हातात मेथी, दुसऱ्या हातात रिकामी टोपली, नजर खाली.
चौकट ५: टोपली पालथी होऊन खाली आलीय आणि भाजीवाल्याच्या डोक्यावर बसलीय.
चौकट ६: भाजीवाला गाडी ढकलत उजवीकडे निघालाय, डोक्यावर टोपली. दोरी अजून टोपलीलाच बांधलेली. वर आजी दोरीचं टोक धरून कठड्यावरून ओणवी झालीय.

पाच चौकटी दोरी उभी, सहावीत तिरकी. मालिकेचं सगळं हसू त्या तिरक्या रेषेत आहे. म्हणून पहिल्या चौकटीत टोपलीच्या कडीला मारलेली गाठ स्पष्ट, थोडी मोठीच काढायची. गाठ दिसली नाही तर शेवटी वाटतं दोरी कुठून आली, आणि शेवट लादल्यासारखा होतो.

पाचव्या चौकटीत एक पेच आहे. टोपली कडीला बांधलेली असेल तर ती सरळ लटकेल, पालथी कशी होणार? चौकस वाचक हे पकडतोच. त्यावर उपाय म्हणजे चौथ्या चौकटीत आजी गाठ कडीवरून सोडून टोपलीच्या बुडाच्या विणीत ओवताना दाखवायची. मग ‘नजर खाली’ आणि ‘हात बुडाशी’ हे दोन्ही एकाच चौकटीत येतं, आणि तिच्या मनात काय आलंय हे वाचकाला पाचव्याच्या आधी अर्धवट कळतं. मेथी तिने काखेत मारलेली चालेल. हीच एक चौकट जवळून काढायची, कारण हातांचं बारीक काम लांबून दिसणार नाही. बाकी पाचांत चाळ, गॅलरी, गाडीची जागा मिलिमीटरने हलता कामा नये. सहावीत फक्त गाडी सरकते.

कागद ए४ आडवा, २९७ × २१० मिमी. चारी बाजूंना १५ मिमी समास. एका ओळीत तीन चौकटी, दोन ओळी. उभ्या फटी ६ मिमी, दोन ओळींमधली आडवी फट १० मिमी. हिशेब करून बघा: प्रत्येक चौकट बरोबर ८५ × ८५ मिमी येते. आडवी फट मुद्दाम रुंद ठेवायची. सगळ्या फटी सारख्या असल्या तर चौरस चौकटींत नजरेला उजवीकडे जायचं की खाली हे कळत नाही. संवादांचे फुगे असते तर त्यांनी वाट दाखवली असती, इथे ते काम फटीच्या रुंदीला करावं लागतं.

आधी कच्चं काम दोन रुपयाच्या नाण्याएवढ्या चौकटींत, काड्यांच्या माणसांनी. इतक्या लहान आकारात कळलं तरच मोठं करायचं. मग चाळ एकदाच, पक्की, वेगळ्या कागदावर काढा आणि पाच चौकटींत छापून घ्या. लाइट बॉक्स (खालून उजेड देणारी पेटी) नसेल तर दिवसा खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद चिकटपट्टीने लावले की काम होतं. पण १८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या) कागदातून काचेवर नीट दिसत नाही, ट्रेसिंग पेपरच्या मागे पेन्सिल घासून दाबून उमटवावं लागतं. त्यापेक्षा १२० जीएसएम घेतलेला बरा. शाई जलरोधक हवी, नाहीतर नंतर रंग लावताना पसरते.

माणसं अशी: ८५ मिमीच्या चौकटीत दोन मजले आणि वर थोडं आभाळ बसवायचं तर भाजीवाला साधारण २५ मिमी उंच येतो, त्याचं डोकं ५ मिमी. टोपलीची रुंदी ९ मिमी ठेवा. ७ केली तर ती टोपी वाटते, १२ केली तर डोळे झाकले जातात आणि तो आंधळ्यासारखा गाडी ढकलतोय असं दिसतं. टोपलीचा हा आकार पहिल्या चौकटीपासून तोच हवा. शेवटी सोयीसाठी टोपली मोठी करणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे.

५ मिमीच्या डोक्यावर चेहऱ्याचे भाव बसत नाहीत, बसवूही नयेत. भाव अंगाने दाखवायचा. तिसऱ्या चौकटीत खांदे कानांशी, कोपरं अंगाला चिकटलेली, पावलं आत वळलेली. सहावीत छाती पुढे, एक पाऊल उचललेलं, मान ताठ. तो किती खुशीत निघालाय हे ताठ मानेवरूनच कळतं. दोरीची त्याला खबर नाही हेही.

पाऊस काढताना सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात. दोरी उभी आणि पावसाच्या रेषाही उभ्या असल्या तर दोरी पावसात हरवते. म्हणून दोरी ०.८ मिमीच्या पेनने, पाऊस ०.१ ने. पाऊस तिरका, उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडे खाली. गॅलरी डावीकडे वर आहे, म्हणजे सहाव्या चौकटीत दोरी डावीकडून वरून उजवीकडे खाली येते, पावसाला बरोबर छेदत. पाऊस दुसऱ्या बाजूने तिरका केला तर शेवटची दोरी पुन्हा पावसातच मिसळते आणि सहा चौकटींची मेहनत वाया. दोरीच्या दोन्ही बाजूंना एकेक मिमी जागा पावसाविना कोरी सोडा. आणि पावसाच्या रेषा सलग ओढू नका, तुटक ठेवा. सलग रेषांनी गज लावल्यासारखं दिसतं.

दोरी सगळ्यात शेवटी, पट्टीशिवाय, एका दमात काढायची. पहिल्या पाच चौकटींत ती किंचित झुललेली असली तरी चालते. सहावीत मात्र ताणलेली हवी, अगदी सरळ. सैल काढली तर पुढच्या क्षणी काय होणार याची धाकधूक राहत नाही: आजी ओढली जाणार की टोपली उडणार? हे दाखवायचं नाही. सातवी चौकट काढायची इच्छा फार होईल. काढू नये.

फोनवर टाकायचं असेल तर ८५ मिमीची चौकट ३०० डीपीआयला (स्कॅन करताना इंचाला ३०० ठिपके) साधारण १००४ पिक्सेल भरते, १०८० पिक्सेलच्या चौरसाला जरा कमी. ६०० वर स्कॅन करून लहान करावं, ०.१ च्या रेषाही तुटत नाहीत. सहा चौकटी एकेक सरकवून दाखवायच्या की पूर्ण पान एकदम? सरकवण्यात शेवट लपून राहतो, हा फायदा. पण आधीची चौकट डोळ्यांसमोरून जाते आणि उभ्या-तिरक्या दोरीची तुलना कमजोर होते. या मालिकेला पूर्ण पानच बरं. ज्या गोष्टीत शेवट दडवणं महत्त्वाचं आणि तुलना कमी, ती सरकवून दाखवावी.

रंग लावायचाच तर एकच लावा, आणि तो दोरीला. मागे फिकट राखाडी चालेल.

झालं की तीन जणांना दाखवा, वेगवेगळं, शीर्षक न सांगता. ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. ‘काय झालं ते सांग’ म्हणा आणि गप्प बसा. कुणी ‘आजीने त्याला टोपी दिली’ म्हणालं तर टोपलीचा आकार किंवा वीण चुकलीय. कुणी ‘त्याने टोपली चोरली’ म्हणालं तर चौथ्या चौकटीत आजीचे हात नीट दिसलेले नाहीत, तेवढीच पुन्हा काढा. सांगतानाच बोट उलटं जाऊन पहिल्या चौकटीतल्या गाठीवर टेकलं, तर शाई वाळू द्या, पेन्सिल खोडा आणि सही खाली उजव्या कोपऱ्यात करा, दोरीच्या वाटेपासून लांब.